आफ्रिदेव हातपंप
आफ्रिदेव हातपंप : सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत विंधण विहिरींवर बसवला जाणारा हातपंप (हापसा). सुमारे १० ते ४५ मी. खोलीवरून पाणी उपसतो. एका पंपामागे साधारण ३०० माणसे धरतात. आराखडा खुला असल्याने तो कोणताही कारखाना बनवू शकतो. भारतात बनलेले पंपही आफ्रिकेत जातात.

इतिहास : १९८१–९० हे आंतरराष्ट्रीय पेयजल व स्वच्छता दशक. त्याच्या आरंभी जागतिक बँक व संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम यांच्या हातपंप प्रकल्पात मलावीमध्ये ‘मालदेव’ हा पंपमाथा तयार झाला. त्यावर पुढे केन्यात काम होऊन आफ्रिदेव सिद्ध झाला. श्रेयाची वाटणी निरनिराळी सांगितली जाते. गावातल्या माणसांनाच पंप उघडून दुरुस्त करता यावा, ही मूळ अट होती. तोवर आफ्रिकेत भारतीय बनावटीचा ‘इंडिया मार्क २’ हातपंपही वापरात होता. महाराष्ट्रातील मिशनऱ्यांचा जालना पंप व त्यानंतरचा सोलापूर पंप हे या यंत्राचे पूर्वज. मार्क २ दणकट खरा, पण आतला दट्ट्या काढायचा तर लोखंडी नळांची सगळी रांग वर ओढावी लागे. त्यासाठी अवजड हत्यारे आणि तालुक्याच्या गावाहून येणारे पथक लागे.

रचना : आफ्रिदेवचा दट्ट्या नळाच्या पोटातून सरळ वर येतो, तळाची झडपही तशीच निघते, नळ जागचा हलत नाही. दांड्या आटे न पाडता आकड्यांनी जोडतात, माथ्याच्या बेअरिंगच्या जागी प्लास्टिकचे बुश असतात आणि बहुतेक काम एका पान्यावर भागते. नळ पीव्हीसीचा. हे विशेष महत्त्वाचे, कारण पश्चिम आफ्रिकेत अनेक ठिकाणी भूजलाचा सामू ६·५ च्या खाली असतो. तेथे जस्तलेपित लोखंडी नळ गंजतात, पाणी तांबूस व कडवट होते, भात आणि कपडे डागाळतात, आणि बाया पंप सोडून पुन्हा ओढ्यावर जातात. विहीर मात्र सरकारी यादीत चालू राहते. पीव्हीसी गंजत नाही. त्याचे चिकटवलेले सांधे मात्र जास्त खोलीवर सुटतात.

प्रसार : मलावी, मोझांबिक, इथिओपिया इ. देशांत मोठ्या प्रमाणावर.

देखभाल : २०१५ च्या सुमारास सहाराच्या दक्षिणेकडील सुमारे एक चतुर्थांश हातपंप (अंदाजे १,७५,०००) बंद होते, असा एक अंदाज आहे. कारण निकृष्ट सुटे भाग, चुकीच्या जागी खोदाई की पाणी समित्यांची रिकामी तिजोरी, यावर मतैक्य नाही. केन्यातील क्युसो येथे ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी पंपाच्या दांड्यात मोबाइलवरून संदेश धाडणारे यंत्र बसवले. त्यामुळे बंद पंपाची बातमी मेकॅनिकपर्यंत लगेच पोचू लागली आणि दुरुस्तीला आठवड्यांऐवजी दिवस लागू लागले.

 

स्वच्छता : दशकाच्या नावात स्वच्छता असली, तरी पंप-कार्यक्रमांत शौचालये दुय्यम राहिली. अपवाद झिंबाब्वेचा : तेथील ब्लेअर प्रयोगशाळेत पीटर मॉर्गन यांनी १९७० च्या दशकात अंधाऱ्या खोलीचे व जाळीबंद वायुनळीचे शौचालय विकसित केले. उजेडाकडे उडणाऱ्या माश्या नळीच्या जाळीखाली अडकतात.