रहमीम

करुणा किंवा दया या अर्थाचा हिब्रू शब्द. जुन्या करारातील ही एक महत्त्वाची संकल्पना असून महाराष्ट्रातील मराठीभाषक ज्यू म्हणजेच बेने इस्राएल समाजाच्या मुंबईतील सर्वांत जुन्या प्रार्थनामंदिराच्या नावातही हा शब्द आहे.

‘रहमीम’ हे रूप अनेकवचनी असून त्याचा संबंध ‘रेहेम’ (गर्भाशय) या शब्दाशी जोडला जातो. पोटच्या मुलाविषयी आईला वाटणारा कळवळा हा त्याच्या अर्थाचा गाभा होय. एका मुलावर दोन स्त्रियांनी हक्क सांगितला असता शलमोन राजाने ते कापून वाटून देण्याची आज्ञा केली. त्या वेळी खऱ्या आईच्या मनात उसळलेल्या भावनेला मूळ संहितेत हाच शब्द योजला आहे. मूल जगावे म्हणून ती आपला हक्क सोडते. ‘हेसेद’ हा दुसरा हिब्रू शब्दही दयेसाठी वापरला जातो. परंतु त्यात नात्यातील किंवा करारातील निष्ठेचा भाव प्रधान असतो. रहमीम मात्र समोरच्याची पात्रता पाहत नाही.

अरबीतील ‘रहम’, ‘रहीम’ व ‘रहमान’ हे शब्द याच सेमिटिक धातूपासून झाले असून त्यांतील ‘रहम’ फार्सीमार्फत मराठीतही रूढ झाला. विठ्ठलाला ‘माउली’ म्हणणाऱ्या वारकरी परंपरेतही ईश्वरी करुणेची कल्पना मातृत्वाच्या आधारे केलेली दिसते.

कोकणात स्थिरावलेले बेने इस्राएल शतकानुशतके इतर ज्यूंपासून दूर राहिले. हिब्रूचे ज्ञान लोपले, तरी सब्बाथ, सुंता व ‘शमा’ ही प्रार्थना त्यांनी जपली. प्रायश्चित्ताच्या दिवसाला ते ‘दारफाळणीचा सण’ म्हणत. त्या दिवशी दारे बंद करून उपवास करीत. दुसऱ्या दिवशीच्या ‘शिळा सणा’ला गरिबांना दानधर्म केला जाई. अशा रीतीने हिब्रू संज्ञा विस्मृतीत गेल्या, तरी त्यांमागील आचार मराठी नावांनी टिकून राहिला.

ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करातील बेने इस्राएल अधिकारी सॅम्युएल इझिकेल (सामाजी हसाजी) दिवेकर हे दुसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात (१७८०–८४) टिपू सुलतानाच्या कैदेत पडले. समाजातील परंपरेनुसार, हे बंदी बनी इस्राईल असल्याचे कळताच, कुराणात उल्लेखिलेल्या या लोकांना जीवदान द्यावे, अशी रदबदली टिपूच्या आईने केली. सुटका झाल्यास प्रार्थनामंदिर बांधण्याचा नवस दिवेकरांनी केला होता. त्यानुसार १७९६ मध्ये मुंबईत बेने इस्राएलांचे पहिले सिनॅगॉग उभे राहिले. १८६० मध्ये ते सध्याच्या जागी हलविण्यात आले. जवळच्या सॅम्युएल स्ट्रीटला दिवेकरांचे नाव देण्यात आले. बेने इस्राएल लोक सिनॅगॉगला ‘मशीद’ म्हणत. त्यामुळे हे मंदिर ‘जुनी मशीद’ म्हणून ओळखले गेले. मशीद या रेल्वे स्थानकाचे नावही त्यावरूनच पडले, असे मानतात.

दरम्यान हिब्रूचा अभ्यास पुन्हा सुरू झाला होता. मिशनरी जॉन विल्सन यांनी या समाजासाठी मराठीतून लिहिलेले हिब्रू व्याकरण १८३२ मध्ये प्रसिद्ध झाले. १८९६ मध्ये, म्हणजे स्थापनेनंतर शंभर वर्षांनी, या सिनॅगॉगला ‘शआर हारहमीम’ (दयेचे द्वार) हे नाव मिळाले. नवसाच्या कथेत एका मातेच्या रदबदलीने बंदिवानांची सुटका होते, तर मंदिराच्या नावातील शब्द गर्भाशयवाचक शब्दाशी निगडित आहे. नाव बरेच नंतरचे असले, तरी ते या कथेशी सुसंगत ठरते.

इझ्राएलच्या स्थापनेनंतर (१९४८) बहुसंख्य बेने इस्राएल तेथे स्थलांतरित झाले आणि मुंबईतील त्यांची संख्या खूपच घटली. ‘दया’ या मराठी प्रतिशब्दात देणारा वरचा व घेणारा खालचा, अशी छटा येऊ शकते. रहमीमच्या मूळ अर्थाला ‘कळवळा’ किंवा ‘माया’ हे शब्द अधिक जवळचे होत.