उतारावरची गाडी आणि तिचा हातब्रेक

वऱ्हाडचे दोन भाग पूर्वापार मानले गेले आहेत : डोंगरावरचा तो बालाघाट आणि डोंगराखालचा तो पायनघाट. बुलढाणें शहर वरच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांहून अधिक उंचीवर वसलेलें आहे. मोताळा, मलकापूर हा मुलूख खालच्या सपाटीचा. या दोहोंच्या सांध्यावर, डोंगराच्या अगदीं पायथ्याशीं, रोहिणखेड हें गांव आहे. बाहेरच्या प्रवाशास त्याचें नांव आज क्वचितच ठाऊक असतें. परंतु दक्षिणेच्या इतिहासांत तें दोनदां ठळकपणें येतें. इ. स. १४३७ मध्यें बहामनी सुलतानाचा सेनापति मलिक-उत्-तुज्जार खलफ हसन बसरी यानें खानदेशच्या नासिरखानाचा येथें पराभव केला. पुढें १५९०-९१ च्या सुमारास बुऱ्हाण निजामशाह हा खानदेशच्या राजा अलीखानाचें साहाय्य घेऊन अहमदनगरच्या गादीसाठीं निघाला, तेव्हां त्याचा मुलगा इस्माइल याच्या नांवानें कारभार चालविणारा जमालखान त्याच्याशीं येथेंच लढतां लढतां पडला. गांवांतील मशीद १५८२ सालीं खुदावंतखान महदवी यानें बांधविली. ती त्या काळाची साक्ष देत अद्याप उभी आहे.

एकाच गांवीं दोन निर्णायक लढाया व्हाव्या, हा योगायोग नव्हे. खानदेशांतून बालाघाटावर चढणारी वाट येथून जात असे, आणि ज्याला वर जावयाचें किंवा खालीं उतरावयाचें, त्याला घाटाच्या तोंडाशीं थांबणें भागच होतें. सैन्याबरोबर सामानाचे गाडे असत. सपाटीवर गाडा चालविण्यास बैलाचें बळ पुरतें. उतारावर मात्र प्रश्न उलटतो. तेथें गाडा चालवावयाचा नसतो, तो आवरावयाचा असतो. चालविण्याची विद्या मनुष्यानें लवकर हस्तगत केली. आवरण्याची आणि आवरलेली गाडी जागच्या जागीं धरून ठेवण्याची विद्या मात्र त्याला फार सावकाश साधली. या दुसऱ्या विद्येचा इतिहास घाटांच्या प्रदेशांत जितका स्पष्ट दिसतो, तितका अन्यत्र दिसत नाहीं.

बैलगाडीच्या काळांत या कामाचीं साधनें अगदीं साधीं होतीं. उतार लागला म्हणजे चाक दोरानें किंवा साखळीनें जखडीत, म्हणजे तें न फिरतां घासत खालीं येई. कांहीं ठिकाणीं गाडीच्या मागें लाकडाचा ओंडका बांधून ओढीत नेत. आणि मध्येंच विसावा घ्यावयाचा झाला, तर गाडीवान प्रथम खालीं उतरून चाकापुढें एक मोठा धोंडा सरकावी, मगच बैलांचें जूं सोडी. या धोंड्यास किंमत नव्हती, तो मोडत नसे, आणि तो लागला आहे कीं नाहीं हें डोळ्यांना दिसत असे. हातब्रेकचा मूळ पुरुष तोच होय.

आगगाडी आली तेव्हां हाच प्रश्न शेंकडों टन वजनाच्या मापानें उभा राहिला. मुंबई-पुण्याच्या वाटेवरील बोरघाटाचा लोहमार्ग १८६३ मध्यें खुला झाला. त्याचा चढ सदतीस फुटांस एक फूट इतका तीव्र होता, आणि डोंगराची कड चढून जाण्यासाठीं मध्यें एका ठिकाणीं गाडीची दिशाच उलटी करावी लागे. ही व्यवस्था १९२९ पर्यंत चालू होती. उतारावर गाडी हाताबाहेर गेली, तर तिला अडविण्यासाठीं चढाच्या दिशेनें नेलेले आडरूळ ठेवावे लागले. म्हणजे ब्रेकवर पूर्ण विश्वास ठेवावा, अशी स्थिति तेव्हां नव्हती. १८६९ मध्यें अमेरिकेंत जॉर्ज वेस्टिंगहाउस यानें हवेच्या दाबावर चालणारा ब्रेक काढला आणि तीनच वर्षांनीं त्यांत एक मोठी सुधारणा केली. पहिल्या रचनेंत नळींत दाब भरला म्हणजे ब्रेक लागे. सुधारलेल्या रचनेंत नळींत दाब असेपर्यंत ब्रेक सुटलेला राही, आणि नळी फुटली किंवा डबा तुटून मागें राहिला, तर दाब नाहींसा होऊन ब्रेक आपोआप लागे. साधन बिघडलें असतां तें धोक्याच्या बाजूला न झुकतां सुरक्षिततेच्या बाजूला झुकलें पाहिजे, हें तत्त्व तेव्हांपासून यंत्रविद्येंत रूढ झालें. पुढील सर्व कथेची कसोटी हीच आहे.

मोटारगाडीच्या ब्रेकचा विकास याहून उशिरां झाला. १९०२ मध्यें इंग्लंडांत फ्रेडरिक लँचेस्टर यानें चकतीच्या ब्रेकचें पेटंट घेतलें. फ्रान्समध्यें लुई रेनो याचें नांव त्याच वर्षाच्या सुमारास ड्रमच्या ब्रेकशीं जोडलें गेलें. १९२१ मध्यें अमेरिकेच्या ड्यूसेनबर्ग गाडीला चारहि चाकांवर तेलाच्या दाबाचा ब्रेक मिळाला. पायाखालचा ब्रेक यामुळें फार बलवान झाला. पण तेलाची नळी गळली तर काय, ही शंका कायम राहिली. शिवाय तेलाचा दाब तासन् तास टिकवून गाडी उभी करणें शक्य नव्हतें. म्हणून पायाच्या ब्रेकहून वेगळा, केवळ लोखंडी तार आणि दांडा यांवर चालणारा हातब्रेक प्रत्येक गाडींत असावा, असा दंडक सर्वत्र पडला. युरोपच्या नियमांप्रमाणें प्रवासी मोटारीच्या पार्किंग ब्रेकनें भरलेली गाडी शंभरास वीस या प्रमाणाच्या चढावर अथवा उतारावर धरून ठेविली पाहिजे. भारताच्या १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतहि पार्किंग ब्रेकची अट आहे, आणि गाड्यांच्या अशा परीक्षांचें काम पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही १९६६ मध्यें स्थापन झालेली संस्था करीत आली आहे.

१९८३ च्या अखेरीस मारुति ८०० ही गाडी रस्त्यावर आली आणि पुढें मध्यमवर्गाच्या घरोघरीं पोंचली. दोन आसनांच्या मधील तिचा दांडा एका पिढीच्या ओळखीचा झाला. दांडा वर ओढला कीं दांत्यांचा कडकड आवाज येई, तार ताणली जाई आणि मागच्या ड्रमांतील पट्टे आंतून घट्ट बसत. तार सैल झाली तर दांडा जास्त वर येई. म्हणजे बिघाडाची सूचना हातालाच मिळे. तार ताणून घेणें हें कोणत्याहि खेड्यांतील मिस्त्रीला साधणारें काम होतें, आणि नवी तार बसवावयाची झाली तरी लहान गाडीचा खर्च शेंकड्यांत किंवा फार तर दोनतीन हजार रुपयांत भागे.

२००१ मध्यें बीएमडब्ल्यूच्या सेव्हन सीरीज गाडीनें हा दांडा काढून टाकला आणि त्याच्या जागीं एक बटण बसविलें. इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेकचें युग येथून सुरू झालें. २००५ च्या फोक्सवागन पसाटनें तें मोठ्या खपाच्या गाड्यांत आणलें, आणि २०२० नंतर ह्युंदाई क्रेटा, टाटा सफारी, महिंद्रा एक्सयूव्ही ७०० अशा गाड्यांच्या वरच्या प्रकारांतून तें भारतांतहि सामान्य झालें. या बदलास कारणें होतीं. दांड्याची जागा मोकळी झाली. वृद्धांना किंवा ज्यांच्या हातांत जोर कमी त्यांनाहि ब्रेक पूर्ण ताकदीनें लावतां येऊं लागला. चढावर थांबून पुन्हां निघतांना गाडी मागें घसरण्याची भीति गेली. पायाचा ब्रेक निकामी झाल्यास चालत्या गाडींत हेंच बटण धरून ठेवल्यानें, बहुतेक गाड्यांत, गाडी तोल न जातां थांबवितां येते. हे लाभ खरे आहेत, आणि घाटांतील चालकाला ते विशेष जाणवतात.

याची रचना समजावून घेण्यासारखी आहे. आज अधिक प्रचारांत असलेल्या प्रकारांत मागच्या प्रत्येक चाकाच्या कॅलिपरला एक लहानशी विजेची मोटर जोडलेली असते. ती दांत्यांच्या चाकांवाटे एक स्क्रू फिरविते. स्क्रू पिस्टनला पुढें ढकलतो आणि ब्रेकचे पॅड चकतीला दाबून धरतात. मोटर किती वीज ओढते यावरून नियंत्रक पेटीला दाबाचा अंदाज येतो, आणि पुरेसा दाब झाला कीं ती वीज तोडते. पुढें चकती धरून ठेवण्याचें काम वीज करीत नाहीं. स्क्रूच्या आंट्यांतील घर्षण करितें. म्हणून बॅटरी संपली तरी लागलेला ब्रेक सुटत नाहीं.

येथें वेस्टिंगहाउसच्या तत्त्वाची आठवण होते. नळींतील दाब गेला असतां त्याचा ब्रेक लागे; वीज गेली असतां हा ब्रेक आहे त्याच स्थितींत राहतो. लागलेला असेल तर लागलेला, सुटलेला असेल तर सुटलेला. पहिल्या प्रसंगीं गाडी सुरक्षित असते पण जागची हालत नाहीं, आणि ती ओढून नेण्यासहि अडचण पडते. दुसऱ्या प्रसंगीं ती उतारावर केवळ गिअरच्या आधारानें उभी राहते. पहिली गोष्ट खर्चाची आहे, दुसरी जिवाची.

घाट उतरून आलेल्या गाडीच्या बाबतींत आणखी एक बारकावा आहे. राजूरच्या घाटासारखा उतार पायाचा ब्रेक सतत दाबून उतरला, तर चकत्या अतिशय तापतात आणि तापलेली चकती किंचित् जाड होते. अशा वेळीं गाडी उभी केली, तर चकती निवतांना पुन्हां बारीक होते आणि पॅडची पकड सैल पडते. जुन्या ड्रमच्या ब्रेकमध्यें याच्या उलट घडे; निवणारा ड्रम आंतील पट्ट्यांवर अधिकच आवळला जाई. नव्या रचनेंत नियंत्रक पेटी गाडी बंद केल्यावरहि कांहीं वेळ जागी राहून स्क्रू पुन्हां आवळते. हें काम जुना दांडा स्वतः होऊन कधींच करूं शकला नसता. पण ही पेटी नीट चालली पाहिजे, हीच तर अट आहे.

ती न चालण्याचीं कारणें अनेक आहेत. मागच्या चाकाशीं असलेली मोटर पाणी, चिखल आणि धूळ यांच्या माऱ्यांत असते. तिच्या जोडण्या गंजतात, तारा तुटतात, आंतील दांते झिजतात. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या अडकल्या म्हणजे मोटरवर जादा भार पडतो. पुष्कळदां दोष मोटरचा नसतोच : बॅटरी क्षीण झालेली असते, बटण बिघडलेलें असतें, किंवा पायाच्या ब्रेकचा स्विच खोटी खबर देत असतो. समोरच्या फलकावर मात्र प्रत्येक वेळीं तोच एक दिवा लागतो. दांड्याच्या काळांत हात जें सांगे, तें सांगण्यास आतां दोष वाचणारें यंत्र लागतें.

खर्चाचें मूळ येथेंच आहे. पॅड बदलण्यासारख्या साध्या कामासहि प्रथम यंत्र जोडून स्क्रू मागें घ्यावा लागतो. हें ठाऊक नसलेल्या मिस्त्रीनें जुन्या सवयीनें शिकंजा लावून पिस्टन दाबला, तर चांगली यंत्रणा त्याच क्षणीं मोडते. कांहीं कारखान्यांचा माल मोटर स्वतंत्र मिळूं देतो, कांहींचा संपूर्ण कॅलिपरच घ्यावा लागतो. तेव्हां एका चाकाचा खर्च दहा हजार रुपयांपलीकडे सहज जाऊं शकतो, आणि परदेशी बनावटीच्या गाडींत त्याच्या कितीतरी पट होतो. निदान नीट न करतां सुटे भाग बदलले, तर खर्च होतो आणि दोष तसाच राहतो. मोठ्या शहरांतील मालकाला ही केवळ पैशांची बाब वाटेल. पण गाडी खेड्यांत अडली, तर ती ओढून जिल्ह्याच्या किंवा त्याहूनहि लांबच्या गांवीं न्यावी लागते. आणि ज्या मिस्त्रीनें तीस वर्षें तारा ताणल्या, त्याची विद्या एका बटणापुढें निरुपयोगी ठरते.

दोष मोठ्या कारखान्यांनाहि चुकलेला नाहीं. २०१६ मध्यें होंडानें अमेरिकेंत सुमारें साडेतीन लाख सिव्हिक गाड्या परत बोलाविल्या. गाडी बंद केल्यावर लगेच बटण दाबल्यास ब्रेक लागणार नाहीं, असा त्यांच्या संगणकाच्या आज्ञावलींत दोष होता. २०१७ मध्यें टेस्लानें सुमारें त्रेपन्न हजार गाड्या बोलाविल्या. पार्किंग ब्रेकच्या कॅलिपरमधील एक लहान दांतेरी चाक तुटण्याची शक्यता होती. पहिला दोष आज्ञावली बदलून दूर झाला, दुसऱ्यासाठीं प्रत्यक्ष भाग बदलावे लागले. आणि अशा दोषांचा भार मालकानें सोसावयाचा नसतो. भारतांत २०१९ च्या मोटार वाहन (सुधारणा) अधिनियमानें सदोष गाड्या परत बोलाविण्याचा अधिकार सरकारला दिला, आणि त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून अमलांत आले. दुरुस्तीच्या माहितीचा प्रश्न त्याहून अवघड आहे. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यांतील मतदारांनीं २०१२ मध्यें कारखान्यांकडील ही माहिती स्वतंत्र मिस्त्रींना खुली करण्याच्या बाजूनें कौल दिला. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानें २०२२ मध्यें दुरुस्तीच्या हक्कासाठीं समिति नेमली. तिच्या विचाराच्या कक्षेंत मोटारगाड्याहि आहेत. मोताळ्याच्या मिस्त्रीच्या हातीं दोष वाचण्याचें यंत्र आणि कारखान्याची माहिती ज्या दिवशीं येईल, त्या दिवशीं बटणाचा खर्च पुष्कळसा उतरेल.

तोंपर्यंत चालकानें पाळावयाच्या गोष्टी जुन्याच आहेत. घाट उतरतांना खालच्या गिअरमध्यें उतरावें, म्हणजे ब्रेक तापत नाहीं. गाडी उभी करतांना पायाचा ब्रेक दाबून धरावा, बटण लावावें, दिवा लागलेला पहावा. चढावर तोंड असेल तर पहिला गिअर आणि उतारावर असेल तर मागचा गिअर टाकावा, स्वयंचलित गाडी असेल तर पी या खुणेवर ठेवावी, आणि पुढचीं चाकें रस्त्याच्या कडेकडे वळवावीं. दिव्यानें दोष दाखविला असेल, तर उतारावर गाडी सोडून जाऊंच नये. जावेंच लागलें, तर चाकापुढें एक धोंडा ठेवावा. रोहिणखेडच्या घाटांत गाडीवान जें करीत असे, तेंच अखेरीस करावें लागतें. मात्र पुन्हां निघतांना तो धोंडा रस्त्यांतून उचलून बाजूस टाकण्यास विसरूं नये. कारण मागून येणाऱ्याला तोहि एक धोकाच असतो.