कॅम्प : मुक्कामाचा शब्द, कायमचा पत्ता

ठाणे जिल्ह्यातल्या बेलवली, बदलापूर, अंबरनाथ या पट्ट्यात 'कॅम्प' हे आधी एका शहराचे नाव आहे आणि मग सामान्य नाम. 'कॅम्पात जाऊन आलो' असे येथला जुना माणूस म्हणतो तेव्हा त्याला उल्हासनगर म्हणायचे असते. शेअर रिक्षाच्या थांब्यावर 'कॅम्प चार, कॅम्प पाच' असा पुकारा होतो आणि तो ऐकून तंबू किंवा राहुटी कुणाच्या मनातही येत नाही. त्याच घरातले मूल मे महिन्यात 'समर कॅम्प'ला जाते, शेजारच्या नव्या इमारतीच्या कामावरचे मजूर पत्र्याच्या 'लेबर कॅम्पात' राहतात आणि दवाखान्यावर मोतीबिंदू तपासणीच्या 'कॅम्प'ची पाटी लागते. एका इंग्रजी शब्दाला मराठीत इतक्या जागा मिळाल्या त्यामागे सुमारे 200 वर्षांचा इतिहास आहे. तो बहुतांशी सैन्य, साथीचे रोग, युद्ध आणि फाळणी यांचा इतिहास आहे.

शब्दाचे मूळ लॅटिन 'कॅम्पस' म्हणजे मोकळे मैदान. मैदानावर सैन्य उतरते म्हणून सैन्याचा तळ, आणि तळ उठणारच म्हणून तात्पुरता मुक्काम, असा युरोपीय भाषांत या अर्थाचा प्रवास झाला. विद्यापीठाच्या आवाराला म्हणतात तो 'कॅम्पस' याच मुळाचा. मराठीला या वस्तूसाठी परका शब्द घेण्याची गरज नव्हती. मराठ्यांच्या राज्यात स्वाऱ्या वर्षाचे आठ महिने चालत; त्यामुळे तळ, गोट, डेरा, मुक्काम, छावणी, राहुटी असे अनेक शब्द भाषेत होते आणि प्रत्येकाची छटा वेगळी होती. छावणी म्हणजे मुळात पावसाळ्यासाठी केलेली सोय. छावणे म्हणजे छप्पर घालणे. आभाळ गळू लागले की फौज छपराखाली जायची आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून बाहेर पडायची. गोट हा सरदाराच्या फौजेचा तळ. आजही वर्तमानपत्रांत 'विरोधकांच्या गोटात खळबळ' असे छापले जाते तेव्हा हाच फौजी शब्द वापरात असतो. इंग्रजीत त्याच ठिकाणी 'कॅम्प' येतो, पण राजकारणापुरती मराठीने आपली जुनी संज्ञा सोडलेली नाही.

तळाचे शहर होणे हेही मराठ्यांना नवे नव्हते. दौलतराव शिंद्यांनी 1810 च्या सुमारास ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेला फौजेचा तळ दिला. तो तळ उठलाच नाही. तेथे वाडे झाले, बाजार झाला, शिंद्यांची राजधानी झाली, आणि त्या शहराचे नाव 'लष्कर' असेच राहिले. पुढे 'कॅम्प' या शब्दाच्या वाट्याला महाराष्ट्रात जे आले त्याचे हे पूर्वरूप म्हणावे लागेल.

महाराष्ट्रात हा शब्द रुजला तो पेशवाई बुडाल्यावर. 5 नोव्हेंबर 1817 रोजी खडकीची लढाई झाली आणि त्यानंतर पुण्याच्या पूर्वेला इंग्रज फौजेची वसाहत उभी राहिली. पुणेकर तिला 'लष्कर' म्हणाले आणि 'कॅम्प'ही म्हणाले. दोन्ही नावे आजतागायत चालू आहेत. पोलीस ठाणे लष्कर नावाचे आहे, तर खरेदीला जाणारा कॅम्पात जातो. या वसाहतींना लागून सैन्याला माल पुरवणाऱ्या व्यापाऱ्यांचा सदर बाजार असे. पुणे, सातारा, सोलापूर येथे त्या नावाचे भाग आहेत आणि नागपुरात नुसते 'सदर' उरले आहे. बेळगावात छावणीचा भाग 'कॅम्प' म्हणूनच ओळखला जातो. 1818 मध्ये इंग्रजांनी मालेगावचा भुईकोट वेढा घालून घेतला. तेथे पुढे वसलेला फौजी भाग मालेगाव कॅम्प झाला. फौज गेली, तरी नाव टपालाच्या पत्त्यात राहिले.

नाशिकजवळच्या देवळालीची हकीकत वेगळी आणि काहीशी करुण आहे. मुंबई बंदरात उतरलेल्या गोऱ्या पलटणी पुढे पाठवण्यापूर्वी आणि सेवा संपलेले शिपाई विलायतेला परत जाण्यापूर्वी देवळालीत थांबत. बोटीची वाट पाहत उन्हात महिनेच्या महिने काढणाऱ्या शिपायांची डोकी फिरत, आणि त्यावरून 'डूलॅली' हा डोके फिरल्याच्या अर्थाचा शब्द इंग्रजीत गेला. इंग्रजीने मराठी मुलखाला 'कॅम्प' दिला, तर देवळाली कॅम्पाने इंग्रजीला हा शब्द दिला. देवळाली कॅम्प आजही लष्कराचेच ठाणे आहे. तोफखान्याचे प्रशिक्षण तेथे चालते.

दुसरा अर्थ मुलकी कारभारातून आला. कलेक्टर आणि त्यांचे हाताखालचे अधिकारी हिवाळा-उन्हाळ्यात तंबू घेऊन तालुके फिरत. अधिकारी जेथे उतरेल तेथे कचेरी उतरायची. दाव्यांची सुनावणी, सारा-तगाईचे अर्ज, पाटील-कुलकर्ण्यांची झडती सारे तेथेच व्हायचे. 'साहेबाचा कॅम्प पडला' हे वाक्य खेड्यात या अर्थाने पोहोचले. तंबू केव्हाच गेले, पण सरकारी पत्राच्या डोक्यावर 'कॅम्प : नागपूर' किंवा 'शिबिर : नागपूर' अशी ओळ अजून येते. तिचा अर्थ इतकाच, की अधिकारी मुख्यालयात नसून दौऱ्यावर आहे आणि तेथूनच सही करीत आहे. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत अशी पत्रे शेकड्याने निघतात.

1896 मध्ये मुंबईत प्लेग आला आणि शब्दाला भीतीची छटा चढली. रोग्याच्या घरच्या माणसांना वेगळे ठेवण्यासाठी सरकारने विलगीकरणाचे कॅम्प उघडले. 1897 मध्ये पुण्यात घरोघर झडत्या घेऊन माणसे कॅम्पात नेण्यात आली आणि त्या सक्तीचा रोष चाफेकर बंधूंनी 22 जून 1897 रोजी प्लेग अधिकारी रँडवर झाडलेल्या गोळीपर्यंत गेला. त्याच साथीत रोग्यांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांचे 10 मार्च 1897 रोजी निधन झाले. पुढची कित्येक वर्षे प्लेगची चाहूल लागली की गावेच्या गावे माळावर झोपड्या बांधून राहत. लोकांनी स्वतः केलेल्या या सोयीला मात्र कुणी कॅम्प म्हटले नाही. त्या 'प्लेगच्या झोपड्या'च राहिल्या. सरकारने नेले तर कॅम्प, आपण गेलो तर झोपडी. शब्द कोणाच्या हुकमाने आला याची आठवण बोलीने अशी जपली.

दुसऱ्या महायुद्धात महाराष्ट्रातले दोन मोठे कॅम्प उभे राहिले. पहिला कोल्हापूरजवळ वळिवड्याला. सोव्हिएत प्रदेशातून बाहेर पडलेल्या सुमारे 5000 पोलिश निर्वासितांना, त्यांतही मुख्यतः स्त्रिया आणि मुलांना, 1943 पासून तेथे आसरा मिळाला. त्यांची शाळा, चर्च, दवाखाना सारे तेथे होते. 1948 पर्यंत ते लोक निघून गेले आणि त्यांच्या रिकाम्या घरांत सिंधी निर्वासित आले. तेच आजचे गांधीनगर, कापडाच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेले. पोलंडने ही आठवण सोडलेली नाही. वॉर्साच्या एका चौकात कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे.

दुसरा कल्याणजवळचा 'मिलिटरी ट्रान्झिट कॅम्प'. जागा रेल्वेमुळे निवडली गेली असावी. 1854 मध्ये लोहमार्ग कल्याणला पोहोचला होता आणि दोन वर्षांत बदलापूरवरून घाटाच्या पायथ्यापर्यंत गेला होता. मुंबई बंदरातून आलेली फौज पुण्याकडे आणि नाशिककडे पाठवण्यास कल्याणइतके सोयीचे जंक्शन दुसरे नव्हते. वालधुनी नदीच्या काठच्या माळावर दोन हजारांहून अधिक बराकी उभ्या राहिल्या. लांबट, एकमजली, ओळीने मांडलेल्या या बराकी चार-दोन वर्षे पुरतील अशा बेताने बांधल्या होत्या. युद्ध संपले आणि त्या ओस पडल्या.

त्या फार काळ ओस राहिल्या नाहीत. फाळणीनंतर कराचीहून बोटींनी मुंबईत उतरलेल्या सिंधी कुटुंबांना राज्यकर्त्यांनी येथे आणले. सुमारे एक लाख माणसे या बराकींत आली. एका बराकीत मध्ये पडदे किंवा गोणपाट बांधून अनेक कुटुंबे राहू लागली. सिंधमध्ये कोठ्या आणि जमिनी सोडून आलेल्या या लोकांनी पापड, लोणची, गोळ्या-बिस्किटे करून लोकलच्या डब्यांत विकली. हा इतिहास सिंधी समाजाने अभिमानाने सांगावा असाच आहे, आणि ठाणे जिल्ह्यातल्या मराठी माणसालाही तो माहीत असायला हवा. शेजारच्या शहराकडे केवळ स्वस्त मालाचा बाजार म्हणून पाहण्याची सवय त्यामुळे सुटेल.

8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीची कोनशिला बसली आणि बेलवलीवरून वाहत येणाऱ्या उल्हास नदीवरून तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. नाव सुंदर होते, पण रोजच्या बोलण्यात ते कॅम्पाला हटवू शकले नाही. लष्कराने पाडलेले पाच भाग तसेच राहिले: शहाडच्या बाजूला कॅम्प एक, अंबरनाथच्या बाजूला कॅम्प पाच आणि मधले क्रमाने मध्ये. विठ्ठलवाडी आणि अंबरनाथ यांच्यामध्ये 1955 मध्ये उल्हासनगर स्थानक झाले. 1954 च्या विस्थापितांच्या भरपाई व पुनर्वसनाच्या कायद्याने राहत्या जागा मालकीच्या होण्याची वाट मोकळी झाली. बराकींवर मजले चढले, मग बराकी पाडून इमारती झाल्या, पण 'बराक नंबर' आणि 'सेक्शन' पत्त्यात कायम राहिले. ज्या बराकीची एक वीटही आता जागेवर नाही तिचा क्रमांक सांगून घर शोधावे लागते. 1996 मध्ये महानगरपालिका झाली, जीन्स, फर्निचर, कापड यांचे मोठे बाजार झाले; तरी कागदावर उल्हासनगर आणि तोंडात कॅम्प हीच रीत राहिली.

हे एकट्या उल्हासनगरात घडले नाही. मुंबईत चेंबूर कॅम्प आणि पुण्याजवळ पिंपरी कॅम्प हे सिंधी निर्वासितांचेच मुक्काम, दोन्ही आज गजबजलेल्या बाजारपेठा. त्यामुळे पुणे परिसरात दोन कॅम्प झाले: शहरातला गोऱ्या फौजेचा आणि पिंपरीतला फाळणीचा. राज्य राखीव पोलीस दलाच्या वसाहतींनाही सोलापूर, अमरावती अशा शहरांत 'एसआरपी कॅम्प' म्हणतात आणि बसथांब्यांना तीच नावे आहेत.

'ट्रान्झिट कॅम्प' हे दोन शब्द मुंबईकरांच्या आयुष्यात पुन्हा आले ते 1969 नंतर. उपकरप्राप्त जुन्या इमारतींच्या दुरुस्ती-पुनर्बांधणीचा कायदा त्या वर्षी झाला, आणि धोकादायक चाळीतील भाडेकरूंना नवे घर होईपर्यंत हलवण्यासाठी गाळे बांधले गेले. म्हाडाच्या कागदांत त्यांना 'संक्रमण शिबिर' म्हणतात, रहिवासी 'ट्रान्झिट' म्हणतात. काही महिन्यांसाठी गिरगाव-लालबागहून गेलेल्या कुटुंबांची एक पिढी तेथे म्हातारी झाली आणि दुसरीची लग्ने तेथून लागली. या अर्थामागे जो अन्याय आहे तो शब्दाच्या इतिहासात दडपून चालणार नाही: कॅम्प कायमचा पत्ता होणे उल्हासनगरात लोकांच्या कष्टाने घडले, येथे ते व्यवस्थेच्या दिरंगाईने घडले.

मराठी राज्यकारभाराची भाषा झाल्यावर 'कॅम्प'ला प्रतिशब्द म्हणून 'शिबिर' आले. ते टिकले, पण सगळीकडे नाही. रक्तदानाचे, नेत्रतपासणीचे, अभ्यासाचे, संस्काराचे ते बहुधा शिबिर. राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी शिबिराला जातात, एनसीसीचे मात्र कॅम्पला. एका महाविद्यालयात, एकाच फलकावर हा फरक पाळलेला दिसतो, कारण दुसऱ्याच्या मागे लष्करी शिस्त आहे. बाबा आमटे यांनी 1967 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथला तरुणांचा उन्हाळी उपक्रम सुरू केला तेव्हा त्यांनी तिसराच शब्द निवडला, 'श्रमसंस्कार छावणी'. दुष्काळात गुरे जगवण्यासाठी उघडतात तीही 'चारा छावणी'च; माणदेशात, बीड-धाराशिवकडे जनावरांच्या कॅम्पाबद्दल कुणी बोलत नाही. घोड्या-बैलांसह पावसाळा काढण्याचा छावणीचा मूळ अर्थ येथे जवळजवळ जसाच्या तसा जिवंत आहे.

अशी वाटणी पाहता मराठीत 'कॅम्प' मूळ इंग्रजी अर्थापासून बराच दूर आला आहे. उठून जाण्याचा अर्थ शिबिराने आणि मुक्कामाने घेतला, गुरांचा छावणीने, राजकारणाचा गोटाने. 'कॅम्प'कडे मुख्यतः ठावठिकाण्याचा अर्थ राहिला. तात्पुरतेपणाचा खरा अर्थ आज टिकून आहे तो गिर्यारोहकांच्या 'बेस कॅम्प'मध्ये आणि मजुरांच्या 'लेबर कॅम्प'मध्ये. बदलापूर पश्चिमेला इमारती जसजशा पुढे सरकतात तसे हे पत्र्याचे कॅम्पही सरकतात; काम संपले की पत्रे उचलले जातात आणि तेथे कोण राहत होते याची नोंद कुठल्याही पत्त्यात उरत नाही.

लष्करी क्रमांकांची नोंद मात्र टपाल खात्याने पक्की केली आहे. उल्हासनगरचे पिनकोड 421001 ते 421005 असे आहेत आणि प्रत्येकाचा शेवटचा आकडा हा त्या कॅम्पचा क्रमांक आहे.