फाइलीच्या पोटातली मराठी

डिसेंबर 1936 मध्ये फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं हे काँग्रेसचं पहिलं अधिवेशन. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, सजावट नंदलाल बोस यांची. तेव्हा विशीत असलेली माणसं 1996 मध्ये ऐंशीला टेकली होती. समजा, त्यातल्या एका आजोबांच्या आठवणी नातवाने त्या वर्षी डीटीपीच्या दुकानात टाइप करून घेतल्या आणि ती फाइल आज तुमच्या हाती लागली. उघडली, तर मराठीचा एक शब्द नाही. नुसती इंग्रजी अक्षरं, कंस आणि उद्गारचिन्हं.

फाइल खराब झाली का? नाही. काय झालं ते कळायला कॉम्प्युटर फाइल ओळखतो कशी, हे बघावं लागतं.

पहिली युक्ती नावाची. 1970च्या दशकातल्या सीपी/एमने आणि मग 1981च्या एमएस-डॉसने नावापुढे टिंब देऊन तीन अक्षरं लावली: एक्स्टेन्शन. विंडोज आजही मुख्यतः त्यावरच विसंबते. पण ही डब्यावरची चिठ्ठी आहे. पापडाच्या डब्यावर 'साखर' लिहिलं म्हणून आत साखर होत नाही. 'डॉट डॉक' हे शेपूट मायक्रोसॉफ्ट वर्डची ओळख होण्याआधी दुसरे प्रोग्रामही वापरत आणि साध्या मजकुराच्या फाइलींनाही ते लावलेलं असे. मग उघडायचं कशात?

दुसरी युक्ती झाकण उघडून बघण्याची. 1973च्या युनिक्समध्ये 'फाइल' नावाची कमांड आली. ती फाइलीचे सुरुवातीचे बाइट वाचते. तिथे बहुतेक प्रकारांची ठरलेली खूण असते, तिला मॅजिक नंबर म्हणतात. पीडीएफ फाइलीची सुरुवात टक्क्याच्या चिन्हाने आणि 'पीडीएफ' या अक्षरांनी होते. झिपची 'पीके'ने, ही ती पद्धत बनवणाऱ्या फिल कॅट्झची आद्याक्षरं. तुमच्या फोनमधलं एपीके आणि वर्डचं डॉक्स, दोन्ही मुळात झिपच. दोन्हीकडे 'पीके' दिसल्यावर प्रोग्रामला आणखी आत डोकवावं लागतं. लिनक्सचे डेस्कटॉप साधारण असंच करतात: आधी नाव बघायचं, शंका आली तर पोट तपासायचं.

पण साध्या मजकुराला अशी खूण नसते. तिथे अंदाज बांधावा लागतो. आजच्या युनिकोड मराठीत हे सोपं आहे. यूटीएफ-8 पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं. पहिला बाइट 'ई0', दुसरा 'ए4' किंवा 'ए5'. 'फैजपूर' या शब्दात मात्रा-उकार धरून सहा चिन्हं, म्हणजे 18 बाइट. त्यात 'ई0' सहा वेळा येतो. एवढ्यावरून ही देवनागरी, हे प्रोग्रामला कळतं.

1996च्या डीटीपीत ही सोय नव्हती. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे प्रमाण 1991 साली ठरलं होतं, पण दुकानांतून चालत ते फॉन्ट, आणि फॉन्टागणिक मांडणी वेगळी. युक्ती अशी, की इंग्रजी अक्षराच्या क्रमांकावर मराठी आकार बसवायचा. कृतीदेव फॉन्टमध्ये पडद्यावर 'काका' दिसतं, तेव्हा फाइलीत 'डी-के-डी-के' ही इंग्रजी अक्षरं असतात. मराठी फाइलीत नसतेच, ती फॉन्टमध्ये असते. म्हणून 'फाइल' कमांडला विचारलं तर ती सांगते, साधा इंग्रजी मजकूर. तिच्या परीने ते खरंच आहे.

म्हणजे शेपूट बरोबर, बाइट शाबूत, आणि तरीही आजोबा मुके.

वाट अजून बंद झालेली नाही. वर्डच्या फाइलीत फॉन्टचं नाव नोंदलेलं असतं. ते कळलं की त्या फॉन्टचा कन्व्हर्टर वापरून मजकूर युनिकोडमध्ये आणता येतो. मात्र कोणी तो मजकूर नोटपॅडमध्ये चिकटवून ठेवला, तर फॉन्टचं नाव गळून पडतं आणि एकेक फॉन्ट लावून बघत बसावं लागतं.

तेव्हा घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर अशी फाइल दिसली, तर ती 'करप्ट' समजून पुसू नका. आधी फॉन्टचं नाव लिहून घ्या. छापलेली प्रत असेल तर जपा. कन्व्हर्टरची चूक तिच्यावरूनच पकडता येते. आणि आजोबांना ओळखणारं कोणी घरात असेल, तर रूपांतर झालेला मजकूर त्यांना एकदा वाचून दाखवा. माणसांची आणि गावांची नावं बरोबर आलीत का, ते कॉम्प्युटरला कळत नाही. त्यांना कळतं.