डिस्कस माशांचे जिवंत व गोठवलेले खाद्य

डिस्कस (शास्त्रीय नाव: सिम्फायसोडॉन) हा दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यात आढळणारा, सिक्लिड कुळातील गोड्या पाण्याचा मासा आहे. योहान याकोब हेकेल यांनी १८४० साली त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. मत्स्यालयात त्याला कोरड्या खाद्याबरोबर जिवंत किंवा गोठवलेले खाद्य दिले जाते.

नैसर्गिक आहार

डिस्कसचे तोंड लहान असते. निसर्गात तो शेवाळ, कुजलेले वनस्पतिजन्य पदार्थ आणि पाण्यातील लहान अपृष्ठवंशी जीव खातो. त्यामुळे केवळ प्राणिजन्य खाद्य हा त्याचा परिपूर्ण आहार ठरत नाही. अंड्यांतून बाहेर पडलेली पिल्ले पोहू लागल्यावर आईवडिलांच्या त्वचेवरील स्राव खातात. काही दिवसांनी ती आर्टेमियाची नुकती जन्मलेली पिल्ले खाऊ लागतात.

जिवंत खाद्य

आर्टेमिया, डॅफ्निया, डासांच्या अळ्या, ब्लडवर्म व ट्युबिफेक्स ही प्रमुख जिवंत खाद्ये आहेत. ब्लडवर्म हे नाव ‘वर्म’ असले, तरी त्या चावा न घेणाऱ्या कायरोनोमिड माश्यांच्या अळ्या असतात. हिमोग्लोबिनमुळे त्यांचा रंग लाल दिसतो. हालचाल करणारे भक्ष्य बुजऱ्या किंवा नव्याने आणलेल्या माशांना खाण्यास प्रवृत्त करते.

आर्टेमियाची अंडी खाऱ्या पाण्यात साधारण २४ ते ३६ तासांत उबतात. पिल्लांमधील पीतकाचा साठा लवकर संपत असल्याने ती ताजीच खाऊ घालतात. गोड्या पाण्यात ती काही तासांतच मरतात, म्हणून उरलेली पिल्ले काढून टाकावी लागतात.

ट्युबिफेक्स सेंद्रिय गाळाने भरलेल्या, अनेकदा सांडपाणी मिसळलेल्या पाण्यात वाढतो. त्याच्यासोबत रोगकारक जीवाणू व परजीवी मत्स्यालयात येऊ शकतात. स्वच्छ पाण्यात वारंवार धुतल्याने हा धोका कमी होतो, परंतु पूर्णपणे नाहीसा होत नाही.

गोठवलेले खाद्य

गोठवल्यामुळे अनेक परजीवी मरतात आणि खाद्य दीर्घकाळ साठवता येते. मात्र गोठवणे म्हणजे निर्जंतुकीकरण नव्हे. अनेक जीवाणू थंडीत केवळ निष्क्रिय राहतात व खाद्य वितळताच पुन्हा वाढू लागतात. म्हणून एकदा वितळलेले खाद्य पुन्हा गोठवत नाहीत. खाद्याचा तुकडा थोड्या पाण्यात वितळवून, गाळणीत धुऊन मगच टाकीत टाकतात. त्यामुळे पाणी गढूळ करणारा रस टाकीत जात नाही.

अनेक संवर्धक गोमांसाच्या हृदयाचे चरबी काढलेले, गोठवलेले मिश्रणही वापरतात. त्याने वाढ जलद होते. परंतु सस्तन प्राण्यांची चरबी माशांच्या आहाराला अनुरूप नसते आणि उरलेले तुकडे पाणी लवकर दूषित करतात.

प्रमाण व स्वच्छता

डिस्कससाठी पाण्याचे तापमान साधारण २८ ते ३० अंश सेल्सिअस ठेवले जाते. या उष्णतेत उरलेले खाद्य वेगाने कुजून अमोनिया निर्माण होतो. वाढत्या पिल्लांना दिवसातून अनेकदा थोडे थोडे, तर प्रौढ माशांना दोन ते तीन वेळा खाद्य देतात. प्रत्येक वेळी काही मिनिटांत संपेल इतकेच खाद्य देऊन उरलेले नळीने शोषून काढणे आणि नियमित पाणी बदलणे आवश्यक असते.

ब्लडवर्ममधील हिमोग्लोबिनची काही व्यक्तींना ॲलर्जी होते. खाज, शिंका किंवा श्वसनाचा त्रास ही त्याची लक्षणे असून, हे खाद्य हाताळताना हातमोजे वापरणे हितावह असते.