भेंडीबाजार : केवळ बाजार नव्हे



मुंबईचा भेंडीबाजार म्हटला की दुकाने आणि गर्दी डोळ्यांसमोर येते. पण या मोहल्ल्याची ओळख तेवढीच नाही. येथे बोहरी, मेमन, कोकणी अशा निरनिराळ्या जमाती शेजारी नांदल्या. १८९० च्या सुमारास मुरादाबादकडून आलेल्या छज्जूखाँ, नझीरखाँ व खादिम हुसेनखाँ या बंधूंच्या गायकीला मोहल्ल्याचेच नाव मिळाले. नझीरखाँनी ती विद्या अंजनीबाई मालपेकरांनाही मोकळ्या मनाने दिली.

‘मुलाला दुकानातच बसायचे, मग शिकून काय करणार?’ असे आजही काही पालक विचारतात. त्यांनी ध्यानात घ्यावे की, बॅ. बद्रुद्दीन तय्यबजींसमवेत १८७४ साली अंजुमन-ए-इस्लाम स्थापन करणाऱ्यांत नाखुदा मुहम्मद अली रोगे यांच्यासारखे व्यापारीही होते. अंजुमनची शाळा १८८० मध्ये जवळच बाबुला टँक येथे सुरू झाली, आणि १८९३ मध्ये बोरीबंदरसमोर तिची भव्य वास्तू उभी राहिली. व्यापाराने तालीम पोसली, तालमीने व्यापाराला प्रतिष्ठा दिली.

२००९ पासून पुनर्विकासाची योजना आली आणि अनेक जुन्या इमारती पडल्या. भिंतींबरोबर आठवणी जाऊ नयेत. विद्यार्थ्यांनो, आपल्या घरच्या बुजुर्गांना मोहल्ल्याची हकीकत विचारा व ती वहीत उतरवून ठेवा. हे काम उद्यावर टाकण्याजोगे नाही.