ओतीव अक्षरांचा इतिहास

कोल्हापुरात दसऱ्याच्या शिलंगणाला छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक मोटार दसरा चौकात येते. ज्या विल्हेल्म मेबॅक या जर्मन अभियंत्याचे नाव तिला मिळाले, त्यानेच १८९३ साली बारीक तोटीतून पेट्रोलचा फवारा हवेत मिसळणारा कार्ब्युरेटर तयार केला. पुढे अनेक दशके मोटारींचे कार्ब्युरेटर याच तत्त्वावर चालले.

आज असे जुने कार्ब्युरेटर हाती येतात ते बहुधा सुटे, कागदपत्रांवाचून. मग त्यांची ओळख धातूवरच्या अक्षरांवरून पटवावी लागते. ही अक्षरे उमटतात कशी, ते वाळूच्या साच्यातल्या ओतकामावरून समजते. लाकडी पॅटर्नवर उठावाची अक्षरे बसवतात. वाळूत ती खोलगट आणि उलटी उमटतात. त्यात धातू ओतला की भागावर पुन्हा उठावाची, सुलटी अक्षरे येतात. म्हणजे उठावाचे अक्षर हे भागाच्या जन्माबरोबरचे, तर पंचाने ठोकलेले खोलगट अक्षर नंतरचे. कोणती खूण आधीची आणि कोणती मागाहूनची, हे अशा रीतीने कळते.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. ओतीव क्रमांकालाच भागाचा क्रमांक समजले जाते. वास्तविक तो कच्च्या ओतीव कवचाचा क्रमांक असतो. त्याच कवचाला निरनिराळी भोके पाडून निरनिराळे भाग बनवता येतात. ब्रिटिश एस.यू. कार्ब्युरेटरच्या अंगावर ए.यू.सी. अक्षरांचा ओतीव क्रमांक आढळतो. पण तो नेमका कोणत्या मोटारीसाठी जुळवला होता, हे नंतरच्या काळात फ्लोट चेंबरच्या झाकणाच्या स्क्रूखाली बसवलेली ए.यू.डी. क्रमांकाची छोटी पट्टी सांगते. आतल्या सुईच्या दांड्यावर ठोकलेली अक्षरे तिचा निमुळतेपणा, म्हणजेच पेट्रोलचे प्रमाण दाखवतात. पट्टी हरवली आणि सुई बदललेली असली, तर ओतीव क्रमांकावरून कुळ कळते, व्यक्ती कळत नाही.

धातूचीही साक्ष काढावी. पूर्वीच्या जस्ताच्या ओतीव भागांत शिशाचा अंश राहिला, तर ते कालांतराने फुगतात, तडकतात. अतिशुद्ध जस्तापासून केलेला झमॅक हा मिश्रधातू अमेरिकेत १९२९ साली आला, आणि हा दोष पुष्कळ कमी झाला.

ही वाचनाची रीत कोल्हापूरला विशेष मोलाची आहे. उसाचे चरक आणि ऑइल इंजिने घडवता घडवता इथला ओतकामाचा धंदा वाढला. कारागिराचे दप्तर सहसा उरत नाही. उरते ते त्याने ओतलेल्या लोखंडावरचे नाव. तेही भंगारात गेले की भट्टीत वितळते. दुरुस्ती करताना ग्राइंडर फिरला, तरी ते पुसले जाते.

म्हणून आम्ही शिक्षकांना सुचवतो, की विद्यार्थ्यांना घेऊन उद्यमनगरातील एखादी फाउंड्री पाहावी. नंतर गावातल्या जुन्या चरकावर किंवा इंजिनावर पातळ कागद धरून पेन्सिल घासावी. उमटलेल्या ठशाशेजारी जागा, तारीख आणि अक्षर उठावाचे की खोलगट, एवढे लिहून ठेवावे. यंत्र उद्या भंगारात गेले, तरी त्याची नोंद शाळेत राहील.